खाटेखालचा हात

घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी, भटवाडीकडे वळणाऱ्या एका गल्लीत गुणाजी घाडी राहायचा. गल्लीत त्याच्याइतक्या सफाईनं थापा मारणारा दुसरा कुणी नव्हता, आणि ही काही निंदा नाही. गुणाजीच्या थापांनी कुणाचं कधी वाकडं झालं नाही. सावंतवाडीच्या हत्तीनं त्याला ओळखून सोंड हलवली होती, मिलमध्ये नवं यंत्र बसवायच्या आधी साहेबानं त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, "गुणाजी, बसवू का?" लोक ऐकायचे, हसायचे, वर आणखी चहा मागवायचे.

फक्त एक गोष्ट खरी होती, आणि नेमकी तीच कुणाला पटत नव्हती.

ती गोष्ट अशी, की गुणाजी सिनेमात होता. बोलपट नुकतेच बोलायला लागले होते त्या काळात, अंधेरीच्या माळावरच्या एका पत्र्याच्या स्टुडिओत, एका छोट्या विनोदी चित्रपटात. चित्रपटाचं नाव 'सासऱ्याची खाट ऊर्फ जावयाची वाट'. तेव्हा गाणं आणि चित्र एकाच वेळी घ्यावं लागायचं. नट गायचा, आणि वाजवणारे तिथेच आसपास कुठेतरी लपून वाजवायचे. पेटीवाला कपाटात, सारंगीवाला खिडकीबाहेर मान खाली घालून. माइक एकच, तो छताला टांगलेल्या केळ्यांच्या घडात दडवलेला. त्यामुळे प्रेमाचं असो की भांडणाचं, प्रत्येक गाणं सगळे केळ्यांकडे बघून म्हणायचे. राहिला मृदंग. त्याला जागा उरली ती सासऱ्याच्या खाटेखाली. कंपनीचे जे मोठे मृदंगवाले होते ते म्हणाले, आम्ही राजदरबारात वाजवलंय, आम्ही खाटेखाली शिरणार नाही. मग कुणीतरी भजनात मृदंग वाजवणाऱ्या, नुकत्याच कोकणातून आलेल्या एका पोराला धरून आणलं. तो गुणाजी. वर एक अगडबंब नट आजारी सासरा बनून पडलेला, खाली गुणाजी, मध्ये गुणाजीच्या पाठीला टेकणारी खाटेची नवारीची पट्टी.

आता खाटेखालचा माणूस पडद्यावर दिसणार कसा? लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात गुणाजीनं हे रुक्मिणीला सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती. त्यानं घाईघाईनं सांगितलं, एका गाण्यात चादर सरकली आणि माझा हात बाहेर आला. मी तो पटकन आत घेतला, पण फिल्म महाग म्हणून त्यांनी तसंच ठेवलं. डावा हात. गुणाजी डावखुरा होता. मृदंगसुद्धा तो उलटा धरून वाजवायचा, त्यामुळे भजनाला बसला की शेजारच्याला त्याचं कोपर लागायचं. रुक्मिणी म्हणाली, "बरां." आणि ती भाकरी थापायला लागली.

ते 'बरां' गुणाजीला लागलं. ते लागलं नसतं तर पुढचं काही झालं नसतं. त्यानं गोष्टीला तिखटमीठ लावलं. पुढच्या वर्षी त्याच खाटेखालून त्यानं एक गाणंही म्हटलं होतं. आणखी काही वर्षांनी नायिकेनं त्याला खाटेखाली विडा दिला होता. मुलं झाली, मुलांची लग्नं झाली, तोवर तो सिनेमा जवळजवळ गुणाजीचाच झाला होता, आणि मूळची खरी गोष्ट त्या सगळ्याखाली अशी दबून गेली की रुक्मिणीनं विश्वास ठेवायचा म्हटलं असतं तरी कशावर ठेवायचा, हा प्रश्नच होता. पाहुणे आले की ती चहा ठेवता ठेवता सांगायची, "ह्यांका सिनेमाचा इचारू नकात. गाडी चुकात तुमची."

गुणाजीला म्हातारपणी कसलीच हाव उरली नव्हती. पण रुक्मिणीनं एकदा, चारचौघांत नाही तर निदान चुलीपाशी, म्हणावं, "होय, तुम्ही होतात," एवढं त्याला मनापासून हवं होतं. इतकं हवं होतं की ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. ज्या माणसानं हत्तीची सोंड सांगितली, त्यानं हे सांगितलं नाही, यावरूनच काय ते समजा.

त्या वर्षी गणपतीच्या आधी गल्लीतल्या मंडळाचा सेक्रेटरी बाळा पळतच गुणाजीच्या दारात आला. रस्त्यापलीकडच्या इमारतीत विद्याधर म्हणून बँकेतले एक गृहस्थ राहत. त्यांना जुन्या सिनेमांचं वेड होतं. अंधेरीचा एक जुना वितरक आपलं दुकान मोडत होता. त्याच्या भंगारात विद्याधरना काही डबे मिळाले होते, आणि त्यातल्या एका डब्यावर लिहिलं होतं 'सासऱ्याची खाट'. कुणीतरी मागाहून लहान फिल्मवर उतरवून ठेवलेली प्रत, पण धडधाकट.

"काका, झकास काम झालं!" बाळा म्हणाला. "शनिवारी पडद्यावर आधी तुमचा पिक्चर, मग मेन पिक्चर. दुसऱ्या मंडळांनी व्हिडिओ आणलाय ना, आणू दे. आपल्याकडे आपला स्वतःचा हिरो आहे!"

गुणाजीनं दाराची चौकट धरली आणि आत बघितलं. रुक्मिणी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"हात दिसलो तर मानीन," ती म्हणाली. "नाय दिसलो तर ह्या जन्मात सिनेमाचा नाव काढूचा नाय. पाहुण्यांसमोर तर नायच नाय."

"मान्य," गुणाजी म्हणाला.

आता त्या गल्लीत सिनेमा कसा बघायचे ते सांगायला हवं. गल्लीच्या मधोमध आडवा पडदा बांधायचे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पडद्याच्या एका टोकाला पिठाची चक्की, दुसऱ्या टोकाला मारुतीचं देऊळ. पुढच्या बाजूला रस्ता, तिथे मशीन, शिवदास ऑपरेटर आणि झाडून सगळे पुरुष. मागच्या बाजूला चाळीचं अंगण, तिथे बायका. बायकांना आपापल्या उंबऱ्यावर बसता यायचं, गॅसवरचं दूध बघता यायचं, पोर झोपलं तर आत नेऊन टाकता यायचं. पडद्यावर बादलीनं पाणी मारलं की चित्र मागूनही स्वच्छ दिसायचं. भोंगा मात्र पुढे तोंड करून लावलेला. त्यामुळे मागे आवाज निम्माच पोचायचा, आणि उरलेले संवाद बायका आपल्या पदरचे घालायच्या. बऱ्याचदा ते मूळ संवादांपेक्षा बरे असायचे.

ही व्यवस्था इतकी जुनी होती की रुक्मिणीनं आयुष्यात एकही सिनेमा पुढून बघितला नव्हता आणि गुणाजीनं एकही मागून. एका सिनेमातल्या खलनायकाच्या कुठल्या गालावर मस होती यावरून गल्लीत एकदा इतकं पेटलं होतं की दोन घरांचं जाणं-येणं बंद झालं. शेवटी मंडळानं ठराव केला की खलनायकाच्या तोंडाबद्दल गल्लीत चर्चा करायची नाही.

शनिवारची आरती गुणाजीच्या मृदंगावर झाली. ती नेहमी जशी व्हायची तशीच झाली, म्हणजे शेवटाला चुकली. गुणाजीची एक खोड होती. आरती संपली, टाळ थांबले, सगळ्यांनी श्वास घेतला, की तो एक थाप जास्तीची मारायचा. धूम्! त्या थापेनं निम्मे लोक परत टाळ वाजवायला लागायचे आणि निम्मे नमस्काराला वाकलेले असायचे. दर वर्षी, दर आरतीला. आणि दर वेळी बायकांच्या घोळक्यातून रुक्मिणीचा आवाज यायचा, "चुकले!" तो इतका ठरलेला होता की गल्लीतल्या लहान मुलांना 'चुकले' हा आरतीचाच शेवटचा शब्द वाटायचा.

गुणाजीनं ही चूक कधी मान्य केली नाही. "चूक न्हय ती, आमच्या गावची चाल आसा," तो म्हणायचा. त्याच्या गावचे दोघेजण गल्लीतच राहत होते. ते काही बोलायचे नाहीत, पण छताकडे बघायचे.

आरतीनंतर गुणाजी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसला. अंगात मुलाच्या लग्नातला कोट होता, दाढी गुळगुळीत केलेली. बाळानं माइकवरून त्याला 'बोलपटसृष्टीतले ज्येष्ठ कलावंत' म्हटलं. विद्याधरनी चार शब्द सांगितले, ते कुणी ऐकले नाहीत. दिवे गेले आणि मशीन घरघरायला लागलं.

सिनेमा तुफान होता. गोष्ट एवढीच, की सासरा जावयाची परीक्षा बघायला मरायचं सोंग घेतो. पण सगळे गातात. वैद्य येतो, नाडी धरतो आणि नाडीच्या ठोक्यावर गातो. जावई सासऱ्याच्या उशीखालच्या किल्ल्या शोधताना गातो. चोर घरात शिरतो आणि आपण चोर आहोत हे गाऊन सांगतो. त्याला पकडायला आलेला पोलिस आधी त्याचं कडवं पुरं होऊ देतो. प्रत्येकाची मान वर, डोळे केळ्यांकडे. दोन्ही बाजूंना हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. गुणाजी मात्र हसला नाही. तो खाटेच्या खालच्या काळोखाकडे टक लावून बसला होता, आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता.

मग सासऱ्याचं गाणं आलं. तो अगडबंब नट उताणा पडून 'चाललो मी चाललो' म्हणत होता आणि प्रत्येक 'चाललो'ला खाट खाली वाकत होती. खालून मृदंग घुमत होता. चादर हलली, सरकली, आणि खाटेखालून एक हात बाहेर आला. पालथा, सडसडीत, अंगठा ताणलेला. त्यानं जमीन चाचपली, चादरीचं टोक पकडलं आणि तो आत गेला.

"घाडीकाकाऽऽ!" पुढची बाजू उठून उभी राहिली. शिट्ट्या झाल्या. कुणीतरी गुणाजीला खुर्चीसकट उचललं. गाण्याचा उरलेला भाग कुणालाही ऐकू आला नाही. गुणाजीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याला ओरडायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि हे त्याच्या बाबतीत प्रथमच घडत होतं.

तेवढ्यात पडद्यामागून रुक्मिणीचा खणखणीत आवाज आला.

"तो हात उजवो आसा! ह्यांचो नाय!"

शिवदासनं मशीन थांबवलं. दिवे लागले.

"काकी, डावा होता," बाळा पडद्याला तोंड लावून म्हणाला. "आम्ही सगळ्यांनी बघितला."

"आमीव सगळ्यांनी बघितलो. उजवो!" आणि तिच्यामागून चाळीतल्या तमाम बायका एकसुरात म्हणाल्या, "उजवाच!"

शिवदासनं रीळ मागे गुंडाळून तेवढा भाग परत लावला. या वेळी कुणी हसलं नाही. सगळी गल्ली अंगठा बघायला पुढे झुकली होती. हात आला, गेला, आणि पुन्हा तेच गाणं गोंगाटात बुडालं.

"अंगठा चक्कीकडे होता," बाळा म्हणाला.

"चक्कीकडेच होतो!" मागून उत्तर आलं.

"मग भांडण कसलं?"

"म्हणजे उजवो!"

"म्हणजे डावा!"

इथे विद्याधर पुढे आले. ते भले माणूस, आणि भल्या माणसाला कुठे गप्प बसावं हे कळत नाही. ते पडद्याला वळसा घालून अंगणात गेले आणि म्हणाले, "हे बघा, अगदी सोपं आहे. पडद्याच्या मागून बघितलं की सगळं उलट दिसतं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. तुम्ही इतकी वर्षं उलटं बघत आलात."

अंगणातल्या बायकांच्या माना एकदम त्यांच्याकडे वळल्या.

"म्हणजे आमी येड्यो?" रुक्मिणी म्हणाली.

"नाही हो, तसं नाही. सुरुवातीची नावं नाही का मागून उलटी दिसत?"

"ती सिनेमावाल्यांची फॅशन आसा. आणि सगळा उलटा दिसता म्हणतास, तर माणसां डोक्यार कित्याक उभी रवनत नाय?"

विद्याधरना याचं उत्तर येत होतं. पण त्यांची बायको क्षमा अंगणातच बसली होती, आणि तिनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते "बरोबर आहे" म्हणून पुढे निघून आले.

मंडळाची तिथल्या तिथे बैठक बसली. पुरुषांनी मागे जाऊन बघावं, तर पुरुष म्हणाले, आम्ही बायकांत बसणार नाही. बायकांनी पुढे यावं, तर बायका म्हणाल्या, आमची जागा आम्ही का सोडायची, आम्ही वर्गणी कमी देतो का? शेवटी बाळाच्या डोक्यातून कल्पना निघाली. खऱ्या खाटेखाली खरा गुणाजी घालायचा आणि हात ताडून बघायचा.

खाट आली. पडद्यापुढे मांडली. बोलपटसृष्टीतले ज्येष्ठ कलावंत कोट सांभाळत गुडघ्यावर बसले आणि कण्हत कण्हत खाटेखाली शिरले. पहिल्या वेळी तो कसा सुळकन शिरला होता ते त्याला आठवलं. आता पाठ अडकली, दोघांनी मागून ढकललं. गुणाजीनं डावा हात बाहेर काढला. अंगठा चक्कीकडे.

"जुळला!" पुरुष ओरडले.

"आमका खाट दिसत नाय!" बायका ओरडल्या. दिसणार कशी? मध्ये पडदा.

म्हणून अंगणात दुसरी खाट मांडली. गुणाजीला पहिल्या खाटेखालून ओढून काढलं, झटकलं, वळसा घालून मागे नेलं आणि दुसरीखाली घातलं. त्यानं डावा हात बाहेर काढला. अंगठा देवळाकडे.

"बघा!" बायका म्हणाल्या.

"घाडीकाका, आता उजवा काढा," कुणीतरी म्हणालं. गुणाजीनं उजवा काढला. अंगठा चक्कीकडे.

"जुळलो!" रुक्मिणी म्हणाली. "मी काय सांगत होतंय? सिनेमातलो हात उजवो. हे डावरे. म्हणजे तो हात ह्यांचो नाय."

पुढे जल्लोष, मागे जल्लोष. दोन्ही बाजू जिंकल्या होत्या. बाळा तर म्हणाला की दोघांचंही बरोबर असल्यामुळे सत्कार करायला हरकत नाही, आणि नारळ शोधायला गेला.

गुणाजी अजून खाटेखाली होता. त्याला बाहेर काढायचं सगळे विसरले होते. तिथून त्याला रुक्मिणीची पावलं दिसत होती, जोडव्यांची, टाचांना भेगा पडलेली. निम्म्या गल्लीनं त्याच्यावर विश्वास ठेवला होता. बघता बघता पोरं त्याच्या सह्या मागतील. पण ती निम्मी गल्ली त्याला नको होती. त्या निम्म्या गल्लीनं हत्तीवरसुद्धा विश्वास ठेवला होता. त्याला वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी पुरावा आला, डब्यात बंद होऊन, अंधेरीहून, आणि तोही तिला उलटा दिसला.

तो आपला आपण सरपटत बाहेर आला. कोटाची एक बाही उसवली होती.

"शिवदासा," त्यानं हाक मारली, "आणि एकदा लाव रे बाबा. शेवटचा."

"काका, बल्ब तापलाय. किती वेळा लावायचं ते गाणं?"

"येकदाच."

आणि मग गुणाजीनं जे केलं ते त्या गल्लीत कुणी केलं नव्हतं. तो पुढे खुर्चीकडे गेला नाही. अंगणातच बायकांच्यातून वाट काढत रुक्मिणीच्या उंबऱ्यापाशी आला.

"जरा सर गो."

रुक्मिणी चपापली. आजूबाजूच्या बायकांनी पदर सारखे केले. "हयसर कित्याक इलास?"

"तुका काय दिसता ता बघूक."

ती सरकली. उंबरा अरुंद होता. दोघं खांद्याला खांदा लावून बसली, आणि लग्नाच्या पाटानंतर चारचौघांत ती अशी पहिल्यांदाच बसली असावीत.

दिवे गेले. पडद्यावर खाट आली. गुणाजीला आधी सगळं ओळखीचं आणि तरी चुकलेलं वाटलं. खिडकी भलतीकडेच होती. कपाट, ज्यात पेटीवाला घामाघूम होऊन बसला होता, ते दुसऱ्याच भिंतीला गेलं होतं. 'चाललो मी चाललो' सुरू झालं. चादर सरकली. हात बाहेर आला.

उजवा होता. स्वच्छ उजवा.

गुणाजीनं डोळे चोळले. विद्याधरनी सांगितलेलं त्याला आठवत होतं, पण डोळ्यांना जे दिसतं त्यापुढे बँकेतल्या माणसाचं काय चालणार? त्याला एकदम भीती वाटली. आपण एवढी वर्षं एवढ्या थापा मारल्या, त्यातलीच ही एक तर नसेल? सांगून सांगून आपल्यालाच खरी वाटायला लागलेली? मग आपला हात गेला कुठे?

"गो," तो हळूच म्हणाला, "तुझा बरोबर आसा. तो हात माझो नाय."

रुक्मिणीनं चटकन वळून त्याच्याकडे बघितलं. तिनं इतकी वर्षं त्याचं काहीही ऐकलं होतं, पण हे कधी ऐकलं नव्हतं. ती काही बोलणार तेवढ्यात फट् असा आवाज झाला आणि पडदा काळा पडला.

मशीनचा मोठा बल्ब उडाला होता. पण त्या मशीनला आवाजाचा दिवा वेगळा असतो. रीळ फिरतच राहिलं. चित्र नाही, दिवा नाही, आणि काळोखात तो अगडबंब सासरा 'चाललो मी चाललो' म्हणत राहिला. सगळी गल्ली दचकून गप्प झाली. पुढच्यांना काही दिसत नव्हतं, मागच्यांना काही दिसत नव्हतं. बायका बोलायच्या थांबल्यामुळे भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच अंगणात पुरता आला. खाटेच्या पट्ट्या करकरत होत्या. एक रेल्वेगाडी लांबून गेली, ती आताची की अंधेरीची तेव्हाची, कळलं नाही. आणि सगळ्याच्या बुडाशी मृदंग होता, कोवळा, घाईतला, भजनातला.

सासऱ्यानं शेवटचा 'चाललो' लांबवला. सारंगी थांबली. पेटी थांबली. गाणं संपलं. क्षणभर नुसती खरखर.

धूम्!

"चुकले!" रुक्मिणी ओरडली.

ती ओरडली आणि तिचा हात तोंडावर गेला. आपण काय बोललो, कुणाला बोललो, ते तिला बोलून झाल्यावर कळलं. समोर आरती नव्हती, टाळ नव्हते, मंडळाचा मृदंग देवापुढे गुंडाळून ठेवलेला होता. तिचा नवरा तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसला होता आणि त्याचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते.

पडद्यापलीकडे कुणीतरी सवयीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि थांबलं.

"अवो," ती म्हणाली. तिनं काळोखातच त्याचा डावा हात चाचपला आणि मांडीवरून उचलून आपल्या हातात घेतला, भाजी घेताना बघतात तसा उलटासुलटा करून. "तो तुमीच होतास खाटेखाली."

गुणाजीच्या जिभेवर 'आमच्या गावची चाल' आली होती. जन्मभर तो तेच सांगत आला होता. ते त्यानं गिळलं.

"व्हय गो," तो म्हणाला. "चुकलंय. तेवापण मीच चुकलंय."